'कांदळवन' शोधाल तर कांदळवन सापडणार नाही

समजा, तुमचा विषय ठरला आहे: कोकण किनाऱ्यावरच्या कांदळवनांच्या संवर्धनाचा इतिहास. मार्गदर्शकांनी मान डोलावली, सिनॉप्सिस लिहायला घ्या म्हणाले. तुम्ही जुने मराठी कागद, जिल्ह्यांचे अहवाल, गावाचं दप्तर चाळायला बसता आणि 'कांदळवन' हा शब्द शोधता. दोन-चार दिवसांत हाती काही लागत नाही. मग प्रस्तावात एक वाक्य आपोआप उतरतं: 'पूर्वीच्या काळी कांदळवनांच्या महत्त्वाची जाणीव नव्हती.'

हे वाक्य लिहिण्याआधी थांबा. जाणीव नव्हती असं त्या कागदांवरून सिद्ध होत नाही. त्या कागदांत तुमचा शब्द नाही, एवढंच सिद्ध होतं.

'कांदळवन' हा या अर्थाने सरकारी वापरात आणि वर्तमानपत्रांत रुळलेला शब्द तसा अलीकडचा. महाराष्ट्राच्या वन विभागात २०१२ साली 'कांदळवन कक्ष' सुरू झाला आणि शब्द सगळीकडे पोचला. त्याआधी पाठ्यपुस्तकांत 'खारफुटी' असायचं. खाडीकाठच्या माणसाच्या तोंडी मात्र सगळ्या झाडांना मिळून एक नाव असण्यापेक्षा एकेका झाडाचं नाव जास्त असतं: तिवर, चिप्पी, कांदळ, काजळा, मारांडी. यातलं कांदळ म्हणजे चिखलात कमानीसारखी मुळं रोवून उभं राहणारं झाड. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं रोप खाली चिखलात पडतं. तिवराची मुळं वेगळी, चिखलातून पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेणारी. त्याच्या पानांवर मिठाचे कण दिसतात. चिप्पीची फुलं रात्री उमलतात. ज्यांना ही झाडं वेगवेगळ्या नावांनी माहीत होती, त्यांना ती नीट माहीत होती. एका झाडाच्या नावावरून आपण सगळ्या वनाला नाव दिलं आणि मग तेच नाव जुन्या कागदांत शोधत बसलो.

म्हणून पहिली गोष्ट: शब्दांची यादी बदला. 'तिवर' शोधा, 'खार' शोधा, 'खाजण' शोधा, मिठागरांचे आणि बांधांचे कागद बघा. सात-बारावरचा 'पोटखराबा' हा रकाना बघा. लागवडीला निरुपयोगी ठरलेली जमीन तिथे जाते. महसुलाच्या नजरेला जिथून पीक येत नाही ती जागा खराबा किंवा पडीक. झाड तिथेच असतं, पण कागदावर ते झाड म्हणून येत नाही. पीक न देणारी जमीन म्हणून येतं. इंग्रजी कागदांत 'सॉल्ट मार्श' या नावाखाली बघा. आणि अठराव्या शतकात शिरायचं असेल तर मोडी लिपी शिकून घ्या, त्याला पर्याय नाही.

दोन तयार गोष्टी

किनाऱ्याच्या निसर्गाबद्दल वाचायला लागलात की दोन गोष्टी सतत भेटतील. दोन्ही इतक्या सोप्या आहेत की नकळत आपल्या प्रबंधात शिरतात.

पहिली गोष्ट: आपले पूर्वज निसर्ग जपायचे, मग इंग्रज आले, शहरं आली आणि सगळं बिघडलं. दुसरी गोष्ट नेमकी उलटी: गावकरी तोडत होते, विकत होते, त्यांना कळत नव्हतं, मग कायदा आला, संस्था आल्या आणि किनारा वाचला.

पहिल्या गोष्टीला पुरावा म्हणून रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' हमखास पुढे केलं जातं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ. त्यात झाडांबद्दल खरोखर सांगितलं आहे: आंबा, फणस अशी झाडं आरमाराच्या लाकडासाठी उगाच तोडू नयेत, कारण ती वाढायला वर्षं लागतात आणि रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, लागलंच तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. मजकूर सुंदरच आहे. पण तो कुठे येतो ते बघा. आरमाराच्या प्रकरणात येतो. प्रश्न जहाजांना लाकूड कुठून आणायचं हा आहे, आणि रयतेचा तळतळाट न घेता ते कसं आणायचं हा आहे. ही राज्यकारभाराची, न्यायाची गोष्ट आहे, आणि ती मोठीच आहे. त्यात खाडीतल्या तिवरांचा काही संबंध नाही. त्यावरून 'मराठेशाहीत कांदळवनांचं संवर्धन होत होतं' असं लिहिलं तर तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न तुम्हाला अडवेल.

दुसरी गोष्ट मोडायला थोडा जास्त वेळ लागतो. त्यासाठी आपल्याला खारेपाटात जावं लागेल.

बांधाच्या आत आणि बाहेर

अलिबाग-पेण भागात खाडीलगतच्या सखल पट्ट्याला खारेपाट म्हणतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेत कुलाबा जिल्ह्याचा खंड १८८३ सालचा. त्यात 'शिलोत्री' नावाच्या जमिनींची माहिती मिळते. समुद्राच्या भरतीखाली येणारी जमीन बांध घालून अडवायची, पावसाच्या पाण्याने तिचं मीठ हळूहळू धुऊन काढायचं आणि तिथे भात घ्यायचं, ही ती पद्धत. बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची. अशा जमिनीत कोणताही भात चालत नाही. खारेपणा सोसणाऱ्या जाती लागतात. 'राता' नावाने ओळखले जाणारे तांबडे भात हे त्यातलेच. गोव्यात याच प्रकारच्या शेतीला खाजन म्हणतात. तिथे गावकरीच्या म्हणजे कोमुनिदादच्या व्यवस्थेतून बांध आणि 'मानस' नावाची झडपेची दारं सांभाळली जायची. भरती आली की मानस मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर जातं. तिथला खारा भात म्हणजे कोरगुट.

आता नीट बघा, इथे काय घडतंय. हा बांध घातला गेला तेव्हा त्या जागेवरचा खारा चिखल, आणि जिथे तिवर होतं तिथे तिवर, गेलं. म्हणजे पूर्वजांनी किनारी वनस्पती तोडली. पण बांधाच्या बाहेरच्या बाजूला जी झाडं उरली ती लाटांचा मार अडवत होती, म्हणून ती राहू देण्यात शेतकऱ्याचा स्वार्थ होता. आत तोडायचं आणि बाहेर राखायचं ही दोन्ही कामं तीच माणसं, एकाच बांधावर उभी राहून करत होती. यांना 'संवर्धक' म्हणणार की 'विध्वंसक'? दोन्ही शब्द इथे बसत नाहीत. म्हणून मी म्हणतो की ती दोन लेबलं बाजूला ठेवा आणि बांधाचा इतिहास लिहा: तो कोणी घातला, माती कोणी वाहिली, फुटला की दुरुस्तीला कोणाला बोलावणं यायचं, पीक कोणाच्या घरी जायचं.

कारण बांधावर कष्ट करणारा आणि जमिनीचा मालक हे बहुतेक वेळा एक नव्हते. चरीचा शेतकरी संप याच खारेपाटातला, १९३३ ते १९३९. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सहा वर्षं खोतांची जमीन कसायला नकार दिला. डॉ. आंबेडकरांनी कुळांची बाजू घेतली. हा संप आपण शेतकरी चळवळीच्या धड्यात शिकतो, पर्यावरणाच्या इतिहासात नाही. पण खाऱ्या जमिनीत बांध म्हणजे सगळं काही, आणि बांध म्हणजे माणसांची मेहनत. सहा वर्षं शेतं पडीक राहिली तेव्हा बांधांचं आणि बांधाकाठच्या झाडांचं काय झालं असेल? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

स्वातंत्र्यानंतर सरकार या कामात उतरलं. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा, दोन्हींचा हेतू समुद्राचं पाणी अडवून जमीन लागवडीला आणणं आणि राखणं हा. म्हणजे राज्याच्या एका खात्याच्या लेखी खारा चिखल ही सुधारायची जमीन होती, आणि पुढे दुसऱ्या खात्याच्या लेखी तोच चिखल राखायचं वन झाला. दोन्ही खात्यांच्या फायली एकाच गावाबद्दल आहेत. त्या एकत्र वाचायला हव्यात.

तारखांचा क्रम

आता मुंबईकडे येऊ, कारण आजचा कायदा तिथून आला. ही गोष्ट साधारण अशी सांगतात: २६ जुलै २००५ ला मुंबईत प्रलय झाला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीकाठची तिवरं भराव घालून संपवल्याचं लोकांच्या लक्षात आलं, म्हणून ६ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली.

जुलै, मग ऑक्टोबर. क्रम अगदी पटण्यासारखा आहे. पण ज्या याचिकेवर तो आदेश झाला ती 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप'ने २००४ सालीच दाखल केली होती, प्रलयाच्या आधी. त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत कांदळवनं सर्वात संवेदनशील वर्गात होती. म्हणजे प्रलयामुळे हा प्रश्न जन्माला आला असं म्हणता येत नाही. प्रलयाने त्याला ऐकणारे कान मिळवून दिले असतील. पण तेही तुम्हाला आदेशातल्या मजकुरातून आणि त्या काळच्या बातम्यांतून दाखवावं लागेल. 'नंतर घडलं म्हणून त्यामुळे घडलं' हा आपल्या क्षेत्रातला सर्वात सामान्य घोटाळा आहे. प्रत्येक निकालासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा: याचिका कधीची? निकालाची तारीख पेपरात छापून येते. आधीची वर्षं फायलीतच राहतात.

त्या आदेशात काय होतं हेही नीट वाचा. कांदळवनांची तोड आणि तिथे राडारोडा टाकणं बंद, भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम नाही, सरकारी जमिनीवरची कांदळवनं संरक्षित वन म्हणून जाहीर करायची. २०१८ च्या अंतिम निकालाने हे पक्कं केलं आणि कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असं म्हटलं. ज्याची नोंद 'पोटखराबा' होती ते घटनेच्या २१व्या कलमापर्यंत पोचलं. २०२० मध्ये तर पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. शंभर-सव्वाशे वर्षांत एका चिखलाचा दर्जा इतका बदलतो, याहून चांगला प्रबंधविषय कुठला?

आकडे वाढले, म्हणजे काय झालं?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्राचं कांदळवन २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर आहे आणि २०१७ मध्ये ३०४. दोन वर्षांत ८२ ची वाढ. २०२१ चा आकडा ३२४.

हे वाचून 'कायद्याचा परिणाम' असं लिहायचा मोह होतो. पण झाड दोन वर्षांत केवढं वाढतं याचा विचार करा. यातली वाढ खरी किती आणि उपग्रहाची चित्रं अधिक बारकाईने वाचल्यामुळे दिसलेली किती, हे अहवालाच्या पद्धतीच्या प्रकरणात जाऊन तपासल्याशिवाय तो आकडा वापरू नका.

आणि वाढ खरी असेल तरी ती कुठे झाली हे विचारा. रायगडच्या खारेपाटात बांध फुटतो, दुरुस्ती होत नाही, भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं आणि काही वर्षांत तिथे तिवर उगवतं. गोव्यातही खाजनांची जुनी गावकरी व्यवस्था ढिली पडली तिथे हेच दिसतं. उपग्रहाला ते हिरवं दिसतं आणि ते हिरवं आहेच. शेतकऱ्यासाठी मात्र ती गेलेली जमीन असते, आणि एकदा कांदळवन म्हणून नोंद झाली की परत मिळवणं अवघड. अहवालाच्या तक्त्यात जो अधिक आहे तो त्या घराच्या हिशेबात उणे. इतिहासकाराला दोन्ही रकाने लिहावे लागतात.

वेळासची वाळू

लोकांकडून ज्ञान कसं येतं हे समजायला झाडांवरून थोडं कासवांकडे जाऊ. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या तोंडाशी वेळास आहे. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते आधी ओळखलं जायचं. २००२ मध्ये चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर फिरत होती, तेव्हा त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची लुटलेली घरटी दिसली. पुढे गावाबरोबर काम सुरू झालं: पहाटे किनारा चालायचा, कासवाच्या पावलांचा माग काढायचा, अंडी काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. पुढे त्याचा कासव महोत्सव झाला, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली, शेजारच्या गावांनीही हे काम उचललं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. कासवाची अंडी नेणं हा गुन्हा ठरून बराच काळ लोटला होता, तरी घरटी लुटली जात होती. कायदा होता, घरटं कुठे आहे हे रोज पहाटे बघणारं कोणी नव्हतं. आणि घरटं ओळखायचं कसं, हे सर्वात चांगलं कोणाला माहीत? ज्यांनी ती अंडी शोधली होती त्यांनाच. वाळूवरचा माग कुठला खरा, मादी कुठे नुसती फिरून गेली आणि कुठे तिने अंडी घातली, हे पुस्तकातून येत नाही. ते जाणणारे हात तेच राहिले. बदललं ते त्या ज्ञानाचं काम.

म्हणजे पहिली गोष्टही इथे लागू पडत नाही (गावाने पूर्वापार कासव जपलं नव्हतं) आणि दुसरीही नाही (नुसत्या कायद्याने ते वाचलं नाही). वापरातून आलेलं ज्ञान राखणीच्या कामी आलं. माझ्या मते किनाऱ्याच्या इतिहासाचा मधला, न सांगितलेला भाग हाच आहे.

मग यात पणाला काय आहे?

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण हे सगळं प्रबंधातल्या नेमकेपणाबद्दल झालं. तसं नाही. आपण कोणती गोष्ट लिहितो यावर खाडीत कोणाला जागा मिळते हे काही प्रमाणात ठरतं.

आजचा नियम पाहा. कोळीवाड्यातली बाई ओहोटीला चिखलात उतरून कालवं, तिसऱ्या, खेकडे काढते, वाळलेलं लाकूड उचलते. संरक्षित वनात तिचं येणं-जाणं संशयाचं ठरू शकतं. दुसरीकडे, सार्वजनिक हिताचा प्रकल्प असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तोड होते. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवन झाडं तोडायला परवानगी मिळाली. मूळ मागणी सुमारे ५३ हजारांची होती. ही परवानगी योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो, आणि मागणी निम्म्याहून खाली आली हेही खरं. पण प्रकल्पाकडे वकील असतात, नकाशे असतात, अहवाल असतात. त्या बाईच्या वहिवाटीचा कागद कुठे आहे? 'ही पडीक जमीन होती, मग सरकारने वन केलं' अशी गोष्ट आपण लिहिली तर त्यात तिला कधीच जागा नव्हती असं होतं. 'आमचे पूर्वज झाडाला हातही लावत नसत' असं लिहिलं तर तिची लाकडाची मोळी हा गुन्हाच ठरतो.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, झाडं ओळखायला शिकवतात. असे प्रयोग मोलाचे आहेत, कारण तिथे खाडी जाणणारी बाई खाडीतच राहते. पण असे प्रयोग टिकवायचे तर त्यामागे इतिहास हवा, आणि तो लिहायचं काम आपल्यासारख्यांचं आहे.

त्यासाठी मुलाखतीला जाताना एवढं सांभाळा. 'तुम्ही पूर्वी कांदळवनांचं संवर्धन करत होता का?' असं विचारू नका. समोरचा माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघून 'हो' म्हणेल, आणि ते 'हो' काही कामाचं नसेल. क्रियापदं विचारा. काका, तिवराचं लाकूड कशाला लागायचं? मोळी कोण आणायचं? कुठल्या जागेचं तोडत नसत? बांध फुटला की कोण धावायचं? तोडणाऱ्याला कोणी कधी अडवलं होतं का, आणि अडवणारा कोण होता? 'संवर्धन' हा शब्द त्यांच्या बोलण्यात येणार नाही. 'राखण' येईल, 'वहिवाट' येईल, 'आमची वाट' येईल. ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, बदलू नका. प्रबंधाच्या शेवटी शब्दसूची जोडायला कोणी मनाई केलेली नाही.

मग परत कागदांकडे जा. गावाने सांगितलेली जागा जुन्या नकाशावर शोधा, तिचा सात-बारा काढा, खारजमीन योजनेत ती होती का बघा, आणि वन म्हणून कधी जाहीर झाली ती अधिसूचना शोधा. एका तुकड्याची ही चार वर्णनं शेजारी शेजारी ठेवलीत की पहिलं प्रकरण तयार आहे. एवढ्यासाठी अख्खा कोकण किनारा घ्यायची गरज नाही. एक खाडी, एक बांध, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं, एवढं तीन-चार वर्षांच्या कामाला भरपूर होतं.